सुमनला नेमकं काय हवंय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही बीड जिल्ह्यात शिक्षिका आहात आणि एका ऊसतोड कुटुंबावर कादंबरी लिहिताय. नायिका सुमन यंदा नवऱ्याबरोबर तोडीला जायला नकार देते, कारण मुलगी दहावीला आहे. नव्वद पानं लिहून झाली. सुमनबद्दलच्या साठ प्रश्नांची उत्तरंही तुम्ही वहीत लिहून काढलीत, अगदी तिच्या आवडत्या रंगापर्यंत. तरी वाचणारे म्हणतात, बाई चांगली आहे पण जिवंत वाटत नाही. आणि तुम्ही विचारताय, पात्राची प्रेरणा शोधायची तरी कशी?

तुम्ही पाठवलेला सारांश आणि पहिलं प्रकरण मी दोनदा वाचलं. अडचण तिथेच दिसते. ‘मुलीनं शिकावं’ हे सुमननं टोळी जमवणाऱ्या मुकादमाला, सासूला, शेजारणीला सांगायचं कारण आहे. चारचौघांत सांगता येईल, कोणी नाव ठेवणार नाही, असं. तिच्या मनात ते खरंही असेल. पण तुमच्या भागातला कोणीही वाचक लगेच विचारेल, की बाई, दरवर्षी कितीतरी घरांतली मुलं आजी-आजोबांजवळ राहून शिकतात, लहानांसाठी गावात हंगामी वसतिगृहं चालतात. सुमनच्या घरात तर सासू आहे, धडधाकट आहे, तुम्हीच तसं लिहिलंय. मग सुमन का थांबली? या प्रश्नाला तुमच्याकडे आज उत्तर नाही, आणि सुमन कागदावरून उठत नाही ती त्यामुळेच.

साठ प्रश्नांच्या वहीबद्दल एवढंच म्हणेन, की ती फाडू नका पण तिच्यावर विसंबूही नका. आवडता रंग, आवडती भाजी, उंची, रास यांतून माणसाचं वर्णन होतं. माणूस हलतो तो दुसऱ्या कशानं तरी.

मी पात्राच्या देण्याघेण्यापासून सुरुवात करतो. एक कोरं पान घेतो आणि लिहितो: हिनं कोणाचे पैसे द्यायचेत, कोणाचे उपकार फेडायचेत, हिचं कोण देणं लागतं, आणि वाटेत दिसला तर ही कोणाला टाळून जाईल. पैशाचं देणं आणि उपकाराचं देणं वेगळं लिहितो, कारण माणसं पैशाचं देणं वर्षानुवर्षं खेचतात, पण उपकाराच्या देण्यापायी एका रात्रीत भलताच निर्णय घेऊन बसतात. ते पान भरलं की पात्राचे पुढचे चार-पाच दिवस आपोआप दिसू लागतात.

ऊसतोडीत तर हे फारच उघड आहे. तुम्हाला ठाऊक आहे, इतरांसाठी सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या गाव सोडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत उसाच्या फडात राहतात. निघण्याआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. ही उचल कोयत्यावर दिली जाते, आणि नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. तोडलेल्या टनांतून उचल फिटायची. नाही फिटली तर बाकी पुढच्या हंगामावर चढते. आजारपणात दिवस बुडाला की खाडा धरतात.

आता या हिशेबातून सुमनच्या नकाराकडे बघा. ती ‘मी येत नाही’ म्हणते, त्या क्षणी तिचा नवरा किसन अर्धा कोयता होतो. तुमच्या पहिल्या प्रकरणात हा शब्द एकदाही आलेला नाही, याचं मला फार आश्चर्य वाटलं. बारा वर्षं पुरा कोयता म्हणून टोळीत चाललेल्या माणसाला आता चारचौघांत अर्धा म्हणतील. उचल निम्म्यावर येईल ते वेगळंच. रात्री-अपरात्री गाडी आली की मोळ्या डोक्यावर घेऊन फळीवरून चढायचं, तेव्हा त्याच्या जोडीला कोण असेल? सकाळी फडाकडे जायच्या आधी कोपीत, म्हणजे तिथल्या तात्पुरत्या खोपटात, भाकरी कोण थापेल? किसनला यातलं नेमकं काय बोचतं: पैसे, अर्धा हा शब्द, की एकट्याची कोपी? तिन्ही गोष्टी थोड्याथोड्या बोचतात असं उत्तर लेखकाला देता येत नाही. एक निवडावी लागते. पैसे बोचत असतील तर तो सासऱ्याकडे उसने मागायला जाईल. शब्द बोचत असेल तर सासऱ्याच्या दारात तो मरेपर्यंत जाणार नाही. मुकादमच बदलेल आणि ओळखीच्या टोळीपासून लांब, कर्नाटकातल्या कारखान्यावर निघून जाईल. आणि एकटेपणा बोचत असेल तर तो सुमनशी भांडणारच नाही, नुसता उशिरापर्यंत ओट्यावर बसून राहील. तीन किसन, तीन वेगळ्या कादंबऱ्या.

तुमच्या सारांशात किसन ‘सुरुवातीला विरोध करतो, नंतर समजून घेतो’. त्याचा विरोध कशाला आहे हे ठरलं नाही, म्हणून त्याचं समजून घेणंही फुकटचं वाटतं.

आता सुमनकडे येतो, कारण खरं काम तिथे आहे.

पहिल्या प्रकरणात तुम्ही सहज एक वाक्य लिहून गेलात: तीन वर्षांपूर्वीच्या उचलीतून त्यांनी पत्र्याचं घर बांधलं. बस, तेवढंच. मी त्या वाक्यापाशी थांबलो. घर बांधून तीन वर्षं झाली, आणि त्यातले निम्मे दिवस ते बंद असतं किंवा सासूच्या ताब्यात असतं. सुमननं स्वतःच्या घरातली थंडी अजून पाहिलेली नाही. संक्रांतीला तिच्या दारात कोणी वाण घ्यायला आलेलं नाही, कारण संक्रांतीला ती दरवर्षी कोपीत असते. मला असं वाटतं (ती तुमची आहे, निर्णय तुमचा) की सुमनला दिवाळीनंतर स्वतःच्या घरात राहायचंय. पाठ टेकायची आहे. सकाळी उठून स्वतःच्या दारात सडा टाकायचा आहे. आणि ही इच्छा तिला कोणापुढे बोलता येत नाही, कारण तिच्या जगात ती आळशी बाईची इच्छा ठरेल. सासू म्हणेल, आम्ही काय घरं पाहिली नव्हती? मग तिला मुलीची दहावी सापडते. दहावी ही त्या इच्छेवर घातलेली घोंगडी आहे.

असं केल्यानं सुमन लहान होते का? अनेक नवे लेखक इथे घाबरतात. गरीब बाईच्या तोंडी स्वतःसाठीची इच्छा घातली तर तिचं दुःख उणं होईल, असं त्यांना वाटतं. माझा अनुभव उलटा आहे. मुलीसाठी सगळं सोसणारी बाई वाचकाला आदरणीय वाटते, आणि आदर वाटला की वाचक दोन पावलं मागे सरकतो. जिला पाठ टेकायची आहे आणि ते सांगता येत नाही, तिच्याजवळ तो जाऊन बसतो. तुमच्या जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळापर्यंत गेला होता. खाडा पडू नये म्हणून या बायका काय काय सोसतात, हे तेव्हा बाहेरच्यांना थोडं कळलं. त्या सगळ्यानंतर एखादीला नुसतं चार महिने घरात राहावंसं वाटणं ही मला तरी फार मोठी गोष्ट वाटते. ती तुमच्या कादंबरीच्या मध्यभागी ठेवायला लाजू नका.

आपल्याकडच्या नाट्यशास्त्रात मनात येऊन-जाऊन असणारे तेहेतीस व्यभिचारी भाव सांगितले आहेत. त्यांत एक आहे अवहित्था, म्हणजे आतला भाव बाहेर दिसू न देणं. लाज, गर्व, शंका यांच्या रांगेत ‘लपवणं’ हाही एक भाव म्हणून मोजला गेला, ही गोष्ट मला पहिल्यांदा वाचल्यापासून सोडत नाही. लपवताना माणूस रिकामा नसतो. तो काहीतरी करत असतो. कथालेखकाला लिहायचं असतं ते हे करणं. सुमन दहावीचं कारण पुढे करते तेव्हा तिचे हात काय करतात? ती कोणाच्या डोळ्यांत बघत नाही? मुलीचं नाव घेताना तिचा आवाज जरा जास्तच ठाम होतो का?

मुकादम येतो तो प्रसंग तुम्ही दीड पानांच्या वादावादीनं लिहिलाय. मी तो असा करून पाहिला:

मुकादमानं वही उघडली. “किसन, यंदा पुरा कोयता धरू का अर्धा?”

किसननं चुलीकडं बघितलं.

“साखर सरलीय,” सुमन म्हणाली. “गुळाचा चालंल का च्या?”

“चालंल की.”

तिनं गुळाचा खडा मोठा होता तरी तो पुन्हा पुन्हा ठेचला.

याच ओळी घ्या असं मी म्हणत नाही. पण बघा, इथे कोणी ‘नाही’ म्हटलेलं नाही, दहावीचं नाव निघालेलं नाही, आणि तरी तिघांनाही उत्तर कळलंय. मुकादमाला वहीत काय लिहायचं ते समजलं, किसनला बायको आपल्याशी आधी बोलली नाही हे समजलं. तो आता तिच्यावर रागावेल तो या दुसऱ्या गोष्टीसाठी.

मुकादमाबद्दलही थोडं. तुमचा मुकादम खलनायक आहे, मिशा आहेत, आवाज चढलेला आहे. पण मुकादमानं स्वतः वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून आगाऊ रक्कम उचललेली असते. टोळी पळाली तर ती त्याच्या अंगावर येते. म्हणजे तो सुमनच्या ओट्यावर बसून चहा पितोय तेव्हा त्याच्याही पोटात गोळा आहे. त्याला किती कोयत्यांचा शब्द वर दिलाय हे आठवतंय. तो दमदाटी करत असेल तर त्याच भीतीपोटी, आणि गोड बोलत असेल तरी तिच्याचपोटी. त्याच्यासाठीही देण्याघेण्याचं एक पान लिहा. त्याला चांगला करायची काहीच गरज नाही. फक्त त्याचं जे बुडणार आहे ते आम्हाला दिसू द्या.

भाषेबद्दल एक गोष्ट सांगतो, ती मला कोणी शिकवली नाही, लिहितालिहिता सापडली. प्रेरणा हा शब्द फार ढोबळ आहे. आपल्या मराठीत क्रियापदांतच तिचे पदर वेगळे केलेले आहेत. तिला जायचंय. तिला जायला हवं. तिला जावं लागतं. तिला जाववत नाही. चारही वाक्यांत जाणं तेच, बाई तीच, पण पहिल्यात इच्छा आहे, दुसऱ्यात कर्तव्य, तिसऱ्यात सक्ती, आणि चौथ्यात अशी गोष्ट आहे जी इच्छा, कर्तव्य आणि सक्ती तिन्ही एका बाजूला असूनही अंगातून उमटत नाही. व्याकरणात त्याला शक्य क्रियापद म्हणतात. बघवत नाही, सांगवत नाही, गिळवत नाही, तिथून उठवत नाही. प्रत्येक मुख्य पात्रासाठी ही चार वाक्यं पुरी करून बघा, आणि चौथ्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. सुमनला काय बघवत नाही? कुलूप लावलेलं दार? मुलीचे मोठे होत चाललेले हात, जे आता कोयता धरण्याजोगे झालेत? मला ही दुसरी शक्यता जास्त पुढे नेणारी वाटते, कारण सासू त्याच हातांकडे बघून म्हणत असेल, की पोरगी उजवून टाका, म्हणजे जावयाचा कोयता पुरा होईल. हे तुमच्या भागात घडतं आणि तुम्ही वर्गात रिकामा झालेला बाक पाहून ते ओळखलेलं आहे. म्हणजे सुमनच्या इच्छेवर घातलेली दहावीची घोंगडी हळूहळू खरोखरच तिच्या अंगाची होत जाते. खोटं म्हणून पुढे केलेलं कारण पुढे खरं होणं, हा पात्रप्रधान कादंबरीला मिळणारा सगळ्यात सुंदर प्रवास आहे असं मला वाटतं.

याच क्रियापदाचं एक रूप आपण फार स्वस्त करून टाकलंय: ‘न राहवून’. न राहवून ती म्हणाली, न राहवून त्यानं विचारलं. तुमच्या पहिल्या प्रकरणातच ते तीनदा आलंय. तो खरं तर संपूर्ण कादंबरीत एकदाच येण्याजोगा क्षण आहे. आधी पन्नास पानं पात्र राहून राहून राहिलं पाहिजे, तेव्हा कुठे एकदा त्याला राहवू नये.

माझी स्वतःची एक चूक सांगतो. तिच्यामुळे मी हे सगळं शिकलो. तिशीत असताना मी गिरणगावावर एक दीर्घकथा लिहिली. मुंबईतल्या गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. माझा नायक परळच्या चाळीत राहणारा कामगार. गिरणी बंद आहे, तरी तो रोज पहिल्या पाळीच्या वेळेला डबा घेऊन बाहेर पडतो आणि पाळी सुटायच्या वेळेला परत येतो. ही कल्पना मला फार आवडली होती. त्याची प्रेरणा मी लिहिली ‘गिरणीवरची निष्ठा’, आणि त्यावर दोन पानं मनोगत लिहिलं. कथा निर्जीव झाली, मला कळेना का. आमच्या ओळखीच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या, सगळं आयुष्य चाळीत गेलेलं. त्यांना मी कथा वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, “अरे, दिवसा खोलीत बायका असतात. पुरुष माणूस बसेल कुठे?”

मी दहा बाय बाराच्या खोल्यांबद्दल इतकं वाचलं होतं, त्यांत पाळीपाळीनं झोपणाऱ्या माणसांबद्दल लिहिलं होतं, आणि त्या खोलीत दिवसाढवळ्या पुरुषाला जागाच नसते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तो माणूस बायकोच्या पायात येऊ नये म्हणून बाहेर पडत होता. डबा नेत होता कारण डब्याशिवाय बाहेर पडला असता तर तो बेकार दिसला असता. निष्ठा असेलही, पण ती खोलीच्या लांबीरुंदीतून आली होती. शिवाय तो संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. म्हणजे आपला संप कोणत्या दिवशी संपला, हे प्रत्येक घरानं आपापलं ठरवलं. माझ्या नायकाचा संप ज्या दिवशी तो डबा न घेता बाहेर पडतो त्या दिवशी संपतो. हे कळल्यावर मी मनोगताची दोन्ही पानं काढून टाकली आणि शेवटी फक्त खुंटीला टांगलेला डबा ठेवला.

त्यानंतर मी पात्राच्या मनात शिरायच्या आधी त्याच्या घरात शिरतो. तो झोपतो कुठे, रडायला जागा आहे का, मोबाईल एकट्याचा आहे की सगळ्यांत मिळून एक, पैसे कोणत्या डब्यात ठेवतो आणि तो डबा कोणाच्या हाताला लागतो. तुमच्या कुटुंबाचंच घ्या. फडात वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, विकून रोजचा किराणा सुटतो. ते वाढ्याचे पैसे कोणाच्या हातात येतात? सुमनच्या हातात येत असतील तर गावी थांबल्यामुळे तिच्या हातचे एकुलते एक पैसेही जातात. मग तिच्या नकाराची किंमत आणखी वाढते. आणि किंमत वाढली की ती अधिक दिसू लागते.

बालपणीच्या एखाद्या जखमेनं सगळं समजावून सांगायचा मोह मात्र टाळा. सारांशात तुम्ही लिहिलंय की सुमनची शाळा चौथीत सुटली, म्हणून ती मुलीसाठी झटते. असं होतं, नाही असं नाही. पण तिच्या जावेचीही शाळा चौथीत सुटली आणि ती मुलीला घेऊन तोडीला निघाली आहे. शाळा दोघींची सुटली. थांबली एकटी सुमन. फरक भूतकाळात सापडत नसेल तर तो आजच्या दिवसात शोधा. प्रत्येक मोठ्या निर्णयाला मी हा प्रश्न लावतो: हिच्या जागी हिची जाऊ असती तर तिनंही हेच केलं असतं का? उत्तर ‘हो’ आलं तर तो प्रसंग परिस्थितीचा आहे, पात्राचा अजून झालेला नाही.

तुमच्या हाताशी एक गोष्ट आहे, जी शहरातल्या लेखकाला मिळणार नाही: ही माणसं तुमच्या शाळेच्या दारात उभी राहतात. त्यांच्याशी बोला, पण काय वाटतं ते विचारू नका. कामाचं विचारा. एका दिवसात किती मोळ्या होतात, पाचट हाताला कुठे कापतं, गाडी रात्री कधी येते, पावसात कोपी कशी धरून ठेवता. माणूस आपल्या कामाबद्दल बोलायला लागला की मधूनच एक वाक्य असं बोलून जातो की पुढे तो स्वतःच गप्प होतो. त्या गप्प होण्याच्या अलीकडचं वाक्य लिहून ठेवा. नाव-गाव, ओळखण्याजोगी खूण मात्र कादंबरीत येऊ देऊ नका. त्यांना त्याच मुकादमाबरोबर पुढच्या वर्षी जायचं असतं.

पहिला खर्डा पुरा झाला की एक सफाई करा. ‘कारण’, ‘म्हणून’ आणि ‘तिला वाटलं’ असलेलं प्रत्येक वाक्य अधोरेखित करा आणि ते वगळून प्रसंग वाचा. बहुतेक ठिकाणी काहीही हरवणार नाही. जिथे खरंच हरवेल, तिथे वाक्य परत ठेवू नका, आधी तपासा की प्रसंगात एखादी कृती राहून गेली आहे का.

आणि मुलगी. नव्वद पानं तिच्यासाठी चाललीत आणि सारांशात तिला नाव आहे, इच्छा नाही. ती हुशार आहे, नम्र आहे, शेवटी पहिल्या वर्गात पास होते. तिला आई घरी हवी आहे का? सहा-सहा महिने आजीजवळ राहून ती मोकळी वाढली असेल. आता आई दिवसभर घरात, आपल्याच नावानं थांबलेली, आणि बापाची उचल निम्मी झालेली. पंधरा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर हे केवढं ओझं! तिला अभ्यास करायचाय, पण आता नापास व्हायची सोय उरलेली नाही. आईवर ती चिडेल, आणि का चिडली ते तिला सांगवणार नाही.

दहावीचे पेपर फेब्रुवारी-मार्चमध्ये असतात, तेव्हा टोळी अजून फडातच असते. पहिल्या पेपरच्या सकाळी किसन कोणाच्या तरी मोबाईलवरून घरी फोन लावतो. घरात एकच फोन आहे, चुलीशेजारी चार्जिंगला लावलेला. तो सुमन उचलते, मुलगी उचलते, की वाजू देतात, हे मला तुमच्या सारांशावरून सांगता येत नाही. पुढचं प्रकरण तिथून लिहायला घ्या आणि झालं की पाठवा, मी वाट बघतो.